१२० दिवसांत हात किती वाढतो?

मंडळी, या शनिवारी कोड नाही, गॅजेट नाही, सिनेमा पण नाही. आज फक्त एका आकड्याबद्दल बोलायचंय. आकडा आहे १२०.

महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ नावाचं एक पुस्तक आहे. सरकारी नोकरीत कुणी असेल तर घरात कुठेतरी, कपाटावर वगैरे, पडलेलं असतं. त्यातले नियम ७५ आणि ७६ हे 'विशेष विकलांगता रजे'चे. कर्तव्य बजावताना कुणी मुद्दाम जखमी केलं तर ७५, अपघाताने जखमी झालात तर ७६. म्हणजे पोलिसाच्या डोक्यात दगड घातला तर ७५, आणि बंदोबस्ताची गाडी उलटली तर ७६. ही रजा जास्तीत जास्त २४ महिने मिळू शकते आणि ती तुमच्या इतर रजेतून कापली जात नाही. इथपर्यंत वाचलं की वाटतं, वा, बरं केलंय की!

मग पगाराचं कलम येतं. पहिले १२० दिवस पूर्ण पगार. त्यानंतर अर्धपगारी रजेचा पगार, म्हणजे निम्मा. आणखी १२० दिवस पूर्ण पगार हवा असेल तर मिळतो, पण तो तुमच्याच अर्धपगारी रजेच्या खात्यातून. म्हणजे दंगलीत डोकं फुटलं सरकारच्या कामासाठी, आणि रजा खर्च करायची स्वतःची. शिवाय नियमाची भाषा 'रजा देता येईल' अशी आहे, 'द्यावीच लागेल' अशी नाही. आणि अपंगत्व घटनेनंतर तीन महिन्यांच्या आत दिसून आलं पाहिजे, नाहीतर अपवाद करा म्हणून विनवण्या आल्या.

आता साधं गणित करू. २४ महिने म्हणजे ७३० दिवस. त्यातले १२० पूर्ण, ६१० निम्मे. सरासरी काढली तर दोन वर्षांत माणसाला त्याच्या पगाराच्या साधारण ५८ टक्के मिळतात. ही सरासरी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्या धंद्यात याला हार्डकोडिंग म्हणतात. कुणीतरी कधीतरी कोडमध्ये एक आकडा ठोकून दिला, तो का ठोकला ते कुणालाच आठवत नाही, आणि नंतर येणारे सगळे त्याला हात लावायला घाबरतात. जखम किती मोठी आहे, भाजलंय की मोडलंय, मज्जातंतू तुटलेत की नुसतं खरचटलंय, काही फरक नाही. १२० झाले की टाइमआउट.

शरीराला नियमावली वाचता येत नाही

खांद्याजवळ हाताच्या मज्जातंतूंची एक जुडी असते. मोटारसायकलवरून फेकला गेलेला पोलीस, भिंत अंगावर आलेला अग्निशमन जवान, यांची ही जुडी ताणली जाते किंवा तुटते. हात जागेवर दिसतो, पण उचलता येत नाही. शस्त्रक्रिया करून ती जोडली, की मज्जातंतू पुन्हा वाढायला लागतो. किती वेगाने? दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कुठलाही हाडांचा किंवा नसांचा डॉक्टर हेच सांगेल.

करा हिशेब. १२० दिवसांत १२ सेंटीमीटर. खांद्यापासून कोपरापर्यंतसुद्धा पोचत नाही. बोटांपर्यंत जायला साठ-सत्तर सेंटीमीटरचा प्रवास आहे, म्हणजे दोन वर्षांच्या आसपास. आणि तेवढा काळ रोज व्यायाम, फिजिओथेरपी, नाहीतर स्नायू सुकतात आणि सांधे आखडतात. म्हणजे ज्या दिवशी पगार निम्मा होतो, त्या दिवशी मज्जातंतू अजून दंडातच असतो. आणि फिजिओथेरपीवाला काही निम्मी फी घेत नाही.

भाजलेल्याचं आणखी वाईट. खोलवर भाजलं तर आधी त्वचारोपण, मग व्रण आकसू नये म्हणून अंगाला घट्ट बसणारे खास कपडे, दिवसातले जवळपास सगळे तास, महिनोन् महिने. व्रण पिकायला, म्हणजे मऊ होऊन स्थिरावायला, वर्ष-दोन वर्षं जातात. मधेच मान वाकडी व्हायला लागली किंवा बोटं आखडली तर परत ऑपरेशन.

गंमत बघा, नियमातला २४ महिन्यांचा आकडा वैद्यकीयदृष्ट्या फारसा चुकीचा नाहीये. बऱ्याच गंभीर जखमांना तेवढेच लागतात. म्हणजे माणूस दोन वर्षं कामावर येऊ शकणार नाही हे सरकारला कळलेलं आहे. फक्त तो दोन वर्षं जेवणार आहे, हे कळलेलं नाही.

सिद्धेश्वरची पोरं

तुम्ही म्हणाल, संगणकासमोर बसणाऱ्याला हे काय सुचलं एकदम. तर माझं गाव सिद्धेश्वर, तालुका औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली. नकाशावर आमचं गाव सापडतं ते पूर्णा नदीवरच्या धरणामुळे. वर येलदरी, खाली आम्ही. येलदरीतून पाणी सुटलं की आमचे दरवाजे उघडावे लागतात, आणि मग रात्री-अपरात्री नदीकाठच्या गावांना उठवत फिरायचं काम कुणाचं? महसूलवाल्यांचं आणि पोलिसांचं. धरणात कुणी बुडालं तर काठावर पहिला उभा राहतो पोलीस. महाशिवरात्रीला औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला लोटणारी गर्दी सांभाळतो तो पण पोलीसच.

आमच्याकडच्या पोरांना पुण्यातल्या पोरांसारखे शंभर रस्ते नसतात. शेती, नाहीतर भरती. हिंगोलीत राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १२ आहे, त्यामुळे खाकी कपडे लहानपणापासून डोळ्यासमोर. पहाटे डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटर पळणारी पोरं बघितली की मला आमच्या कॅम्पस प्लेसमेंटची आठवण होते. फरक एवढाच, की आमच्या नोकरीत सगळ्यात मोठी इजा म्हणजे मान आखडणे :)

त्यातलाच एक, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, गल्लीतला, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. नाव आणि नेमणूक कुठे ते सांगत नाही, त्याची नोकरी अजून चालू आहे. परजिल्ह्यात बंदोबस्ताला असताना त्याचा उजवा खांदा कामातून गेला. इस्पितळाचं बरंचसं बिल निघालं, त्याबद्दल त्याची तक्रार नाही. तक्रार पाचव्या महिन्यापासूनची. घराचं कर्ज, धाकट्या भावाचं शिक्षण, आईची औषधं, आणि आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीसाठी तालुक्यातून जिल्ह्याला जाणं. मला म्हणाला, "अरे बाबा, हात दुखतो ते सोड. पण एक तारखेला मोबाईलवर पगाराचा मेसेज येतो ना, तो उघडायची भीती वाटती."

मग त्याने काय केलं? बरा व्हायच्या आधीच 'ड्युटीसाठी योग्य' असा दाखला मागून घेतला आणि हजर झाला. त्याला बसून करायचं काम दिलं, तेवढी माणुसकी होती. पण बसून का होईना, बारा बारा तास. फिजिओथेरपी बुडाली. आज त्याचा हात खांद्याच्या वर जात नाही. शर्टाची वरची बटणं वहिनी लावून देतात. डॉक्टर म्हणाले होते, आणखी सहा-आठ महिने नीट व्यायाम झाला असता तर बराच फरक पडला असता.

मला राग येतो तो इथे. सरकारने निम्मा पगार वाचवला, आणि त्या बदल्यात काय कमावलं? पुढची वीस वर्षं पूर्ण पगार घेणारा पण काठी न उचलू शकणारा पोलीस! आमच्या कंपनीत असा हिशेब कुणी मांडला असता तर मॅनेजरने त्याला मीटिंगमधून हाकलला असता.

त्याच जंगलात, दोन हिशेब

आता कुणी म्हणेल, अहो सगळीकडे असंच असतं. नाही हो. सगळीकडे असं नसतं.

केंद्र सरकारकडे पण आधी जवळपास हुबेहूब हाच नियम होता. तेच २४ महिने, तेच १२० दिवस. सातव्या वेतन आयोगाने सांगितलं की हे मोडीत काढा. आणि जुलै २०१७ पासून केंद्राने 'कामाशी संबंधित आजार व इजा रजा' आणली. त्यात काय आहे? इस्पितळात असेपर्यंत सगळ्यांना पूर्ण पगार आणि भत्ते, कितीही दिवस लागोत. इस्पितळातून सुटल्यावर साध्या नागरी कर्मचाऱ्याला आणखी सहा महिने पूर्ण पगार, मग बारा महिने निम्मा. आणि केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतल्या, म्हणजे सीआरपीएफ वगैरेंच्या, अधिकारी दर्जाखालच्या जवानाला? पूर्ण पगार आणि भत्ते, मुदतीची मर्यादाच नाही.

परत वाचा. मर्यादाच नाही.

आता गडचिरोलीला चला. तिथे सीआरपीएफ पण आहे आणि महाराष्ट्र पोलिसांची सी-६० पथकं पण आहेत. १३ नोव्हेंबर २०२१ ला मर्दिनटोल्याच्या जंगलात मोठी चकमक झाली, तेव्हा सी-६० चे चार जवान जखमी झाले, त्यांना हेलिकॉप्टरने नागपूरला आणावं लागलं. जुलै २०२४ मध्ये वांडोलीच्या चकमकीत पुन्हा राज्य पोलिसांचेच लोक जखमी झाले. नक्षलग्रस्त भागासाठी राज्याच्या वेगळ्या सवलती असतात, त्या असाव्यातच. पण मूळ रजेचा नियम घ्या. एकाच सुरुंगाने एक सीआरपीएफचा शिपाई आणि एक राज्याचा शिपाई जखमी झाला असं समजा. दोघांचा पाय सारखाच मोडलाय, दोघांची पोरं सारख्याच शाळेत आहेत. एकाच्या नियमात 'बरा होईपर्यंत', दुसऱ्याच्या नियमात '१२० दिवस'. सुरुंग पेरणाऱ्याने तर काही दिल्लीचा आणि मुंबईचा असा भेद केला नव्हता.

बरं, खाकी बाजूला ठेवा. चाकणच्या किंवा वाळूजच्या कारखान्यातला कामगार घ्या. कर्मचारी राज्य विमा योजनेत, ज्याला सगळे ईएसआय म्हणतात, कामावर इजा झाली तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ मिळतो. किती? वेतनाच्या ९० टक्के. किती दिवस? अपंगत्व टिकेपर्यंत. आता मघाची सरासरी आठवा: ५८. प्रेस मशीनवर हात सापडलेल्या कामगाराला ९० टक्के मिळतात हे योग्यच आहे, कमीच आहेत खरं तर. पण जमावाच्या तोंडावर उभं राहून हात गमावणाऱ्याला त्याहून कमी, हे कुठलं तर्कशास्त्र?

तुमच्यापैकी निम्म्यांचे मित्र बे एरियात आहेत, म्हणून तिकडचंही सांगतो. कॅलिफोर्नियात कामगार संहितेचं कलम ४८५० आहे, त्यानुसार पोलीस आणि अग्निशमन दलाच्या जवानांना कामावरच्या इजेसाठी एक वर्षापर्यंत पूर्ण पगार मिळतो. न्यूयॉर्क राज्यात (न्यूयॉर्क शहर सोडून, तिथले नियम वेगळे) नगरपालिकांसाठीचा कायदा अग्निशमन जवानाला आणि पोलिसाला अपंगत्व संपेपर्यंत पूर्ण पगार द्यायला सांगतो. अमेरिकेत कामगारांचे लाड होतात असं कुणी म्हणणार नाही. तिथे बाळंतपणाच्या पगारी रजेची सुद्धा देशभर सक्ती नाही. त्यांनाही कळलं, की या दोन नोकऱ्यांचा हिशेब वेगळा करावा लागतो.

आग विझवणाऱ्यांचं तर विचारूच नका

९ मे २०१५. मुंबईत काळबादेवीला गोकुळ निवास नावाच्या जुन्या इमारतीला आग लागली आणि इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे दोन अधिकारी ढिगाऱ्याखाली गेले. मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर आणि उपप्रमुख सुधीर अमीन गंभीर भाजले. दोघांनी इस्पितळात झुंज दिली, पण मे महिना संपायच्या आत दोघंही गेले. दलाचा प्रमुख स्वतः आगीत उतरतो, अशी ही नोकरी आहे.

मला सारखा प्रश्न पडतो: ते वाचले असते तर? चार-चार ऑपरेशनं, दोन-तीन वर्षांचे उपचार. तेव्हा किती कॅमेरे आले असते? मेलेल्या जवानाला आपण शहीद म्हणतो, फुलं वाहतो, मदत जाहीर करतो. वाचलेल्या जवानाची फाईल होते. १४ एप्रिलला आपण अग्निशमन सेवा दिन पाळतो, १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या ६६ जवानांच्या स्मरणार्थ. २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन असतो. हे दिवस असायलाच हवेत. पण जगलेल्यांचा एकही दिवस नाही, आणि त्यांना दिवसाची गरजही नाही. त्यांना एक तारखेची गरज आहे.

पोलिसांना निदान एक राज्यभराचा नियम तरी आहे, कसाही असला तरी. अग्निशमन सेवा ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांच्या कामांच्या यादीत गेली. मोठ्या महापालिकांचे आपापले सेवानियम, छोट्या नगरपालिकांची आपापली तिजोरी. आणि कित्येक ठिकाणी गाडीवरची पोरं कंत्राटी. कंत्राटी पोराला १९८१ च्या नियमांचं पुस्तक लागूच नाही, त्यामुळे १२० दिवसांचा वादसुद्धा त्याच्यासाठी चैन आहे. गाडी तीच, होज तोच, धूर तोच. आत गेल्यावर आग विचारत नाही की बाबा तू कायम की ठेक्यावर?

होमगार्डची तीच गत. गणपती, निवडणूक, पूर, सगळीकडे पोलिसांच्या खांद्याला खांदा. २०२४ मध्ये त्यांचा रोजचा भत्ता ५७० वरून १,०८३ रुपये केला, चांगलं केलं. पण तो कर्तव्याच्या दिवसाचा भत्ता. खाटेवर पडलेल्या दिवसाचं काय?

ते बोलू शकत नाहीत

आपल्या ऑफिसात विमा कंपनी बदलली, कव्हर पाच लाखांवरून तीन लाखांवर आलं, तर अर्ध्या तासात एचआरला शंभर मेल जातात. पोलिसाला हे करता येत नाही. पोलीस दलांचे हक्क मर्यादित करणारा १९६६ चा केंद्राचा कायदा आहे. परवानगीशिवाय संघटना काढता येत नाही, उठून पत्रकारांशी बोलता येत नाही. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईत पोलिसांचं आंदोलन झालं, ते हिंसक झालं आणि त्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली गेली. शिस्तीच्या दलात संप नको हे मलाही मान्य आहे. हातात बंदूक असलेल्यांनी संप करू नये. पण मग ज्याचं तोंड कायद्याने बंद केलंय, त्याच्या वतीने बोलायची जबाबदारी कुणावर येते? ज्यांच्यासाठी ते बंद केलंय त्यांच्यावर. म्हणजे तुमच्या-माझ्यावर.

आणखी एक कलम बघा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१, कलम २८: पोलीस अधिकारी हा सदैव कर्तव्यावर आहे असं मानलं जाईल. सदैव! दिवाळीत, लग्नात, झोपेत. आम्ही चोवीस तास ऑन-कॉल असलो तर त्याचा वेगळा भत्ता मागतो. कायद्याच्या मते जो माणूस सदैव कर्तव्यावर आहे, तो त्याच कर्तव्यात मोडून पडला की १२१ व्या दिवशी अर्धाच कर्तव्यावर कसा होतो बुवा?

तीन आक्षेप

पहिला, ठरलेला: "लोक गैरफायदा घेतील." घेतील थोडे. आपल्यात सोमवारी सिक लीव्ह टाकणारे नाहीत का? म्हणून कुणी सिक लीव्ह बंद केली नाही. आणि मी नुसत्या चिठ्ठीवर दोन वर्षं द्या म्हणत नाहीये. गंभीर जखम, वैद्यकीय मंडळाची तपासणी, दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. तुटलेल्या मज्जातंतूचं नाटक करता येत नाही, त्याची चाचणी असते. भाजलेल्या कातडीचं तर नाहीच नाही. खोटं बोलणाऱ्या दोघांना पकडण्यासाठी खऱ्या अठ्ठ्याण्णवांचा पगार कापायचा, ही आळशी व्यवस्थेची युक्ती आहे.

दुसरा: "पैसा कुठून आणायचा?" चला, मांडू. नव्या पोलीस शिपायाचं मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे २१,७०० पासून सुरू होतं. निम्मं १०,८५०. १२० दिवसांनंतरचे वीस महिने धरले तर फरक २ लाख १७ हजार. महागाई भत्ता धरा, जुना माणूस असेल तर वाढवा, तरी आकडा काही आकाशाला भिडत नाही. हिंजवडीच्या आसपास एक कोटीचा टूबीएचके आपल्याला विशेष वाटत नाही. तेवढ्या मूळ वेतनात चाळीसहून जास्त जखमी शिपाई पूर्ण दोन वर्षं घरी राहून बरे होतील. आणि दोन लाखांच्या आसपास मनुष्यबळ असलेल्या दलात दोन-दोन वर्षं अंथरुणाला खिळणारे किती असणार? हे पद मंजूर आहे, त्याचा पगार अर्थसंकल्पात धरलेलाच असतो. तो जखमी झाला म्हणून सरकारची बचत व्हावी, ही कल्पनाच मला किळसवाणी वाटते.

तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे: "मग वीज कंपनीचा वायरमन? गटारात उतरणारा सफाई कामगार? एसटीचा ड्रायव्हर? फक्त खाकीलाच का?" बरोबर आहे. मी म्हणतो, त्यांनाही द्या, आणि लवकर द्या. पण सुरुवात कुठून करायची याला एक कारण आहे. वायरमनला तारेत करंट असेल तर चढायला नकार देता येतो. तसा नकार देणं हेच नियमाप्रमाणे असतं. पोलीस आणि अग्निशमन जवान यांचं काम मुळात धोक्याच्या दिशेने चालत जाण्याचं आहे. सगळे बाहेर पळतात तेव्हा त्यांनी आत जायचं. ११ ऑगस्ट २०१२ ला आझाद मैदानात दंगल झाली, पन्नासहून जास्त जखमी झाले, त्यात बहुसंख्य पोलीस होते. त्यांना तिथून निघून जायचा पर्याय नव्हता. ज्याला पळायचा हक्क आपण नाकारलाय, त्याला पडल्यावर उचलायची जबाबदारी पूर्ण आपली. अर्धी नाही.

मग हवं काय?

मी इंजिनिअर माणूस, नुसता बग सांगून थांबणं बरं नाही. तर:

एक. नियम ७५-७६ मधला १२० दिवसांचा आकडा काढा. गंभीर जखमी पोलीस आणि अग्निशमन जवानाला वैद्यकीय मंडळ 'योग्य' म्हणेपर्यंत, निदान पूर्ण २४ महिने, पूर्ण पगार द्या. केंद्राने आपल्या शिपायाला दिलंय, त्याची नक्कल करायला वेगळी समिती लागत नाही.

दोन. 'देता येईल' काढून 'देण्यात येईल' लिहा. आणि मंजुरी अडकली तरी दरम्यान पगार चालू राहील असं लिहा. फाईल मंत्रालयात फिरते तेव्हा घरचा हप्ता फिरत बसत नाही.

तीन. हाच नियम नगरपालिकांच्या अग्निशमन जवानांना, कंत्राटींना आणि कर्तव्यावरच्या होमगार्डना लागू करा, आणि छोट्या नगरपालिकेला झेपणार नसेल तर पैसा राज्याने द्या.

चार. अर्धवट बरा झालेला माणूस रोज चार तास येऊ शकत असेल तर येऊ द्या, पण उरलेला वेळ उपचाराचा धरा आणि पगार पूर्ण द्या. दाखल्यावर फक्त 'योग्य' आणि 'अयोग्य' असे दोनच खाने असल्यामुळे माणसं बरी व्हायच्या आधी खोटं 'योग्य' लिहून घेतात.

पोलिसांसाठी २००५ पासून कुटुंब आरोग्य योजना आहे, उपचाराच्या खर्चाची सोय त्यातून होते. कुणी मंत्रिमहोदय या विषयावर उत्तर देताना त्या योजनेचं नाव घेतील, म्हणून आधीच सांगतो: इस्पितळाचं बिल भरणं वेगळं आणि घर चालवणं वेगळं. एकाचं उत्तर दुसऱ्याला चालत नाही.

शेवटचं. तुमचा आमदार कोण आहे हे तुम्हाला माहीत असेल असं धरून चालतो. नसेल तर आधी ते शोधा :) त्याला एक साधं पत्र लिहा, की पुढच्या अधिवेशनात एवढाच प्रश्न विचारा: केंद्राच्या शिपायाला मुदत नाही, तर महाराष्ट्राच्या शिपायाला १२० दिवस का? उत्तर लेखी मागा. लेखी उत्तर द्यायचं म्हटलं की कुणाला तरी ते पुस्तक कपाटावरून खाली काढून नियम वाचावा लागतो, आणि हा नियम एकदा नीट वाचला तर त्याचं समर्थन करणं अवघड आहे.

मी माझं पत्र टाकलंय, पुण्याच्या पत्त्यावरून नाही, सिद्धेश्वरच्या. मतदार मी अजून तिथलाच आहे.